दूरचा वेध कीं परतलेला चेंडू?

खेळाचा इतिहास म्हणजे कोण जिंकलें आणि कोण हरलें याची टिपणवही, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. परंतु खेळ हाहि मनुष्यानें घडविलेल्या कायद्यांचा एक लहानसा संसार असतो. त्या संसारांत कोणत्या गुणाला मान मिळावा आणि कोणत्या गुणानें मुकाट्यानें राबावें, हें कायदा ठरवितो. आणि कायदा बदलला कीं कालचा सरदार आजचा शिपाई होतो. बास्केटबॉल या खेळाच्या सव्वाशें वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासांत हें फार स्पष्ट दिसून येतें. म्हणून त्या खेळांतील एक जुना वाद आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

वैनगंगेच्या पूर्वेस, भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यांत, एकोडी नांवाचें गांव आहे. भोंवतालचा मुलूख धानाचा आणि तलावांचा. धान कापून झालें, बांध्या मोकळ्या झाल्या, कीं त्या बाजूचीं मुलें कबड्डीचें मैदान आंखतात. अशा गांवीं शाळेच्या अंगणांत कोणीं एक खांब रोवला, त्यावर एक लोखंडी कडें बसविलें, एक चेंडू आणून दिला, आणि शिक्षकाच्या हातीं संध्याकाळचा एकच तास उरला, तर तो तास त्यानें कशांत खर्चावा? दुरून अचूक नेम साधण्याच्या शिक्षणांत, कीं चुकलेल्या नेमाचा उसळलेला चेंडू झेलून आपल्या ताब्यांत आणण्याच्या शिक्षणांत? प्रश्न वरवर पाहतां शिक्षकाच्या सोयीचा वाटेल. पण तो तास ज्या गुणाला मिळेल, त्या गुणाचें मूल आपल्याला संघांत कांहीं किंमत आहे असें समजूं लागेल. आणि ज्या गुणाला मिळणार नाहीं, त्या गुणाचें मूल कडेला बसून टाळ्या वाजवील. यासाठींच या प्रश्नाचा निकाल घाईनें न लावतां त्याचा इतिहास पाहणें अवश्य आहे.

खेळाशीं परिचय नसलेल्या वाचकांसाठीं प्रथम दोन शब्द. दोन संघ, प्रत्येकाचे पांच खेळाडू. मैदानाच्या दोन टोकांना जमिनीपासून १० फूट उंचीवर एकेक कडें, आणि त्याच्या मागें एक उभी फळी. चेंडू कड्यांतून वरून खालीं गेला कीं गुण मिळतात. जवळून टाकलेल्या चेंडूला दोन गुण, आणि कड्याभोंवतीं आंखलेल्या कमानीच्या बाहेरून टाकलेल्याला तीन. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें ही कमान कड्यापासून पावणेसात मीटरांवर असते. या कमानीबाहेरच्या फेकीला आम्ही ‘दूरचा वेध’ म्हणूं. नेम चुकला तर चेंडू कड्यावर किंवा फळीवर आपटून उसळतो, आणि जो तो झेलील त्याच्या संघाचा होतो. खेळाडू यालाच रिबाउंड म्हणतात. आपल्याच संघाचा चुकलेला चेंडू झेलला तर पुन्हां एक संधि मिळते. प्रतिपक्षाचा झेलला तर त्याची संधि संपून आपली सुरू होते. एक जण गुण मिळवितो, दुसरा गुण मिळविण्याचा हक्क मिळवितो. यांतील थोर कोण, हा वाद आहे.

१८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणशाळेंत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें हा खेळ रचला. हिंवाळ्यांत बंद दालनांत खेळतां यावा आणि त्यांत अंगावर धांवून जाण्यास वाव नसावा, अशी त्याची अट होती. लक्ष्य समोर जमिनीलगत असलें तर मनुष्य सारें बळ एकवटून चेंडू हाणतो. तें उंचावर आणि आडवें ठेवलें तर बळापेक्षां कौशल्याचा उपयोग अधिक, असा त्याचा विचार होता. म्हणून त्यानें सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि १३ नियम लिहून काढले. थोड्याच महिन्यांत, १८९२ सालीं, जवळच्याच स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनें मुलींनाहि हा खेळ शिकविला. तेव्हां बास्केटबॉल हा केवळ पुरुषांचा खेळ असा एक दिवसहि फारसा नव्हता म्हटलें तरी चालेल.

पहिल्या सामन्यांत प्रत्येक बाजूस नऊ जण होते, आणि सबंध सामन्यांत चेंडू टोपलींत एकदांच पडला. तो विल्यम चेस या विद्यार्थ्यानें सुमारें २५ फुटांवरून टाकला होता असें सांगतात. म्हणजे या खेळाचा पहिला गुण दूरच्या वेधाचा! वादाचा निकाल तेथेंच लागला असें कोणी म्हणेल. पण त्या दालनांत आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी होती. टोपलीच्या मागें फळीच नव्हती. चुकलेला चेंडू सज्जांत जाई, आणि पडलेला चेंडू टोपलींतच राही. मग शिडी लावून तो काढावा लागे. सज्जांत बसलेले प्रेक्षक हात पुढें करून आपल्या पक्षाच्या चेंडूला मदत करूं लागले आणि विरुद्ध पक्षाच्या चेंडूला अडथळा आणूं लागले, तेव्हां त्यांना आवर घालण्यासाठीं पुढें दोन-चार वर्षांतच टोपलीमागें प्रथम तारेची जाळी आणि मग लांकडी फळी आली. प्रेक्षकांच्या खोडीवर केलेला हा उपाय खेळाच्या स्वरूपांतच फरक करून गेला. फळीवर आपटलेला चेंडू आतां सज्जांत न जातां मैदानांत परत येऊं लागला, आणि तो झेलण्यासाठीं झुंज सुरू झाली. तात्पर्य, ज्याला आपण खेळाचें एक प्रमुख अंग समजतों तें रिबाउंड मूळ रचनाकाराच्या मनांतहि नव्हतें; तें एका कुंपणाच्या पोटीं जन्मलें.

यानंतरचीं चाळीस-पन्नास वर्षें उंच मनुष्याचीं होतीं. प्रत्येक गुणानंतर चेंडू मैदानाच्या मध्यभागीं नेऊन दोघांच्या मधोमध उंच उडवीत, आणि ज्याचा हात वर पोंचे त्याच्या संघाला तो मिळे. ज्या संघापाशीं सर्वांत उंच खेळाडू, त्याला गुण मिळविल्यावर पुन्हां चेंडूहि मिळावयाचा. श्रीमंताच्या घरीं व्याज जावें तसाच हा प्रकार. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकांत हा खेळ प्रथमच पदकासाठीं खेळला गेला. सामने उघड्या मातीच्या मैदानांवर झाले, अंतिम सामन्याच्या वेळीं पाऊस आला, चिखलांत चेंडू उसळेना, आणि अमेरिकेनें कॅनडावर १९ विरुद्ध ८ अशा गुणांनीं विजय मिळविला. वृद्ध नेस्मिथ स्वतः त्या प्रसंगीं हजर होता. आम्हां वऱ्हाडनागपुराकडील लोकांना त्या बर्लिनची आणखी एक आठवण आहे: अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक त्याच निमित्तानें तेथें गेलें होतें, आणि कबड्डी, मल्लखांब इत्यादि देशी खेळांचें दर्शन त्यानें परक्यांना घडविलें होतें. स्प्रिंगफील्डच्या दालनांत जन्मलेला खेळ आणि आपल्या मातींतला खेळ एकाच नगरांत जगापुढें उभे राहिले. एकाला पदक होतें, दुसऱ्याला केवळ कौतुक.

१९३७ सालीं मधल्या उडवणीची ती रीत अमेरिकेंत रद्द झाली. १९४४ च्या सुमारास, कड्याकडे उतरूं लागलेल्या चेंडूला वरच्यावर हात लावून तो परतविण्यास बंदी आली. १९५१ सालीं धंदेवाईक संघांच्या एन. बी. ए. या संघटनेनें कड्यासमोरची मज्जावाची पट्टी ६ फुटांवरून १२ फूट रुंद केली, कारण जॉर्ज मायकन हा उंच खेळाडू कड्याखालीं ठाण मांडून बसे. चेंडू हातीं येतांच तो दडवून ठेवण्याची खोडहि संघांना लागली होती. १९५० च्या नोव्हेंबरांत एक सामना १९ विरुद्ध १८ इतक्या अल्प गुणांवर संपला. त्यावर १९५४ सालीं २४ सेकंदांच्या आंत चेंडू कड्याकडे टाकलाच पाहिजे असा नियम झाला. फेकी वाढल्या, अर्थात् चुकलेल्या फेकीहि वाढल्या, आणि उसळी झेलणाऱ्याचें काम वाढलें. उंच मनुष्याला आवर घालण्यासाठीं इतके कायदे झाले, पण एक गोष्ट तशीच राहिली. दोन फुटांवरून टाकलेला चेंडू आणि पंचवीस फुटांवरून टाकलेला चेंडू यांना सारखेच दोन गुण. मग शहाणा मनुष्य दुरून कशाला टाकील?

या काळाचा राजा बिल रसेल. बोस्टनच्या या खेळाडूनें १९५६-५७ पासून १९६८-६९ पर्यंतच्या १३ हंगामांत ११ वेळां आपल्या संघाला विजेतेपद मिळवून दिलें. त्याचे स्वतःचे गुण सामन्यामागें सरासरी पंधरा. पण झेललेले चेंडू सरासरी बावीसहून अधिक. रिबाउंडच्या पक्षाला याहून बळकट साक्षीदार मिळणार नाहीं. परंतु इतिहासाची गंमत अशी कीं, त्याच रसेलसमोर २४ नोव्हेंबर १९६० रोजीं फिलाडेल्फियाच्या विल्ट चेंबरलेननें एका सामन्यांत ५५ चेंडू झेलले. हा विक्रम आजतागायत कोणी मोडलेला नाहीं. आणि तो सामना कोणीं जिंकला? रसेलच्या बोस्टननें, १३२ विरुद्ध १२९ असा. ५५ वेळां चेंडू हातीं येऊनहि पराभव पदरीं यावा, यावरून एक गोष्ट सिद्ध होते: हक्क मिळविणें निराळें आणि हक्काचें चीज करणें निराळें.

येथेंच आणखी एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. एन. बी. ए.मध्यें उसळी झेलल्याची मोजदाद १९५०-५१ च्या हंगामापासून सुरू झाली. त्यापूर्वींच्या खेळाडूंनीं किती चेंडू झेलले, याचा अधिकृत आंकडा नाहीं. आपल्या संघाचा चेंडू झेलला कीं प्रतिपक्षाचा, हा भेद तर १९७३-७४ पर्यंत नोंदला जात नव्हता. गुण पहिल्या दिवसापासून लिहिले गेले, श्रम साठ वर्षांनंतर. ज्याची नोंद नाहीं त्याचा इतिहास नाहीं, आणि ज्याचा इतिहास नाहीं त्याला वादांत साक्षीदारहि मिळत नाहींत. हा न्याय केवळ खेळापुरताच आहे असें आम्हांस वाटत नाहीं. घरांतील स्वयंपाक करणारी आणि शेतांतील धुरा बांधणारा यांच्या बाबतींतहि जग असेंच वागत आलें आहे.

आतां दूरच्या वेधाकडे वळूं. कमानीबाहेरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण द्यावे, ही कल्पना १९६१ सालीं अमेरिकेंतील एका अल्पायुषी धंदेवाईक संघटनेनें अमलांत आणली. १९६७ सालीं दुसऱ्या एका संघटनेनें ती उचलली. १९७९ सालीं एन. बी. ए.नें आणि १९८४ सालीं आंतरराष्ट्रीय महासंघानें ती मान्य केली. आंतरराष्ट्रीय कमान प्रथम सव्वासहा मीटरांवर होती, ती २०१० सालीं पावणेसातांवर गेली. उद्देश असा कीं, कड्याखालची गर्दी पातळ व्हावी, बुटक्या पण हुशार खेळाडूला स्थान मिळावें, आणि प्रेक्षकांनाहि नवल वाटावें. पण नवल हें कीं, कायदा एका दिवसांत झाला आणि रूढि बदलण्यास तीस वर्षें लागलीं. १९७९-८० च्या हंगामांत प्रत्येक संघ सामन्यामागें सरासरी तिनांहूनहि कमी वेळां कमानीबाहेरून चेंडू टाकी. २०२४-२५ च्या हंगामांत ही सरासरी सदतीसच्या वर गेली. मधल्या काळांत २०१५-१६ सालीं स्टीफन करी या खेळाडूनें एकट्यानें एका हंगामांत ४०२ वेळां तीन-तीन गुणांचे वेध साधले. त्याची उंची त्या जगांत सामान्यच होती.

ही रूढि कां बदलली, याचें उत्तर साध्या त्रैराशिकांत आहे. जवळून टाकलेल्या शंभर चेंडूंपैकीं पन्नास पडले तर १०० गुण. दुरून टाकलेल्या शंभरांपैकीं छत्तीसच पडले तरी १०८ गुण. म्हणजे दूरच्या धनुर्धरानें अधिक वेळां चुकूनहि अधिक कमवावें, अशी ही कायद्याची कृपा आहे. आतां सुधारणेचा हिशेब करूं. दूरच्या वेधाचें प्रमाण शेंकडा ३३ वरून ३७ वर नेलें तर शंभर फेकींमागें १२ गुण वाढतात. त्याच शंभर फेकींपैकीं सुमारें चौसष्ट चुकतात असें धरूं. त्यांतले शेंकडा २५ झेलीत होतों ते ३० झेलूं लागलों, तर जेमतेम तीन संधि अधिक मिळतात, आणि एका संधीची किंमत साधारण एक गुण धरली तर लाभ तीन-सवातीन गुणांचा. डीन ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकानें २००४ सालच्या आपल्या ग्रंथांत विजयाच्या चार कारणांना जें वजन दिलें, त्यांतहि सर्व प्रकारचा वेध मिळून ४० हिस्से आणि रिबाउंडला २० हिस्से आहेत. आजच्या कायद्याखालीं निष्णात संघांपुरता निकाल द्यावयाचा तर तो दूरच्या वेधाच्या बाजूनें द्यावा लागेल. आंकड्यांशीं भांडण्यांत अर्थ नाहीं.

परंतु याच आंकड्यांत एक दुसरी गोष्ट दडलेली आहे. जवळून शंभर फेकले तर पन्नास चुकतात. दुरून शंभर फेकले तर चौसष्ट. म्हणजे दूरच्या वेधाचें वेड जितकें वाढेल तितके चुकलेले चेंडू वाढतील, आणि ते कोणीतरी झेललेच पाहिजेत. ज्या कायद्यानें झेलणाऱ्याचें सिंहासन काढून घेतलें, त्याच कायद्यानें त्याचें कामहि वाढविलें. दुरून आलेला चेंडू उसळतोहि दूर. तो नुसत्या उंचीनें मिळत नाहीं, तो कोठें पडेल हें आधीं ओळखावें लागतें. डेनिस रॉडमन या खेळाडूनें १९९१-९२ पासून १९९७-९८ पर्यंत लागोपाठ सात हंगाम चेंडू झेलण्यांत पहिला क्रमांक राखला. त्याची उंची ६ फूट ७ इंच. कड्याखालीं झुंजणाऱ्यांत ती कमीच. पण मित्रांना वेगवेगळ्या जागांवरून चेंडू टाकावयास सांगून तो कसा फिरतो, कोठें आपटून कोणीकडे वळतो, याचा त्यानें तासन्‌तास अभ्यास केला होता. धनुर्धर आपल्या बाणाचा अभ्यास करतो. यानें दुसऱ्यांच्या चुकांचा अभ्यास केला.

आणि केवळ दूरच्या वेधावर विसंबणाऱ्याची काय गत होते, हें २८ मे २०१८ रोजीं दिसलें. ह्यूस्टनच्या संघानें आपली सारी रचना कमानीबाहेरच्या फेकीवर उभारली होती. निर्णायक सामन्यांत अर्धा वेळ संपला तेव्हां तो ११ गुणांनीं पुढें होता. पण त्या सामन्यांत सूर असा हरपला कीं, कमानीबाहेरून टाकलेले लागोपाठ २७ चेंडू चुकले. सामन्यांत एकंदर ४४ वेळां दुरून नेम धरला, साधला सात वेळां. आणि गोल्डन स्टेटनें तो सामना १०१ विरुद्ध ९२ असा जिंकला. चेंबरलेनचे ५५ झेल आणि ह्यूस्टनच्या २७ चुका हीं दोन उदाहरणें शेजारीं-शेजारीं ठेवून पाहावीं. एकांगी गुणाला किती किंमत द्यावयाची, तें त्यांतून कळतें.

दोन्ही गुण एकाच क्षणीं एकमेकांना भेटले असा प्रसंग १८ जून २०१३ चा. विजेतेपदाच्या मालिकेंतील सहावा सामना. सॅन अँटोनियोचा संघ मायामीपेक्षां तीन गुणांनीं पुढें, वेळ कांहीं सेकंदांची, आणि हा सामना जिंकला तर विजेतेपद सॅन अँटोनियोचें. आतां मायामी दुरूनच नेम धरणार हें उघड होतें. म्हणून सॅन अँटोनियोच्या अनुभवी प्रशिक्षकानें आपला सर्वांत भरंवशाचा झेलणारा टिम डंकन याला बाहेर बसविलें आणि कमानीकडे चपळाईनें धांवणारे गडी मैदानांत ठेवले. हिशेब चुकीचा नव्हता. मायामीचा लेब्रॉन जेम्स यानें दुरून टाकलेला चेंडू खरोखरच चुकला. पण तो उसळला तेव्हां कड्याखालीं डंकन नव्हता. मायामीच्या ख्रिस बॉशनें तो झेलला आणि मागें सरत कोपऱ्यांत गेलेल्या रे ॲलनकडे दिला; ॲलननें कमानीबाहेरून वेध साधला तेव्हां ५.२ सेकंद उरले होते. ९५-९५ अशी बरोबरी झाली, जादा वेळांत मायामीनें १०३ विरुद्ध १०० असा विजय मिळविला, आणि पुढचा सातवा सामनाहि जिंकून विजेतेपद नेलें. ॲलनचा वेध सर्वांच्या स्मरणांत राहिला. बॉशचा झेल मात्र मुद्दाम सांगावा लागतो. त्या झेलावांचून तो वेध घडलाच नसता, आणि त्या वेधावांचून तो झेल व्यर्थ होता.

हा खेळ आपल्या देशांत आला तोहि यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्याच हातून. १९२० सालीं हॅरी क्रो बक यानें मद्रासेस शारीरिक शिक्षणाची शाळा काढली, आणि तेथून निघालेले शिक्षक देशभर पसरले. महाराष्ट्रांत मुंबईचा नागपाडा या खेळासाठीं प्रसिद्ध झाला. दाट वस्तीच्या त्या भागांतल्या छोट्या मैदानांवर अब्बास मुंतसीर तयार झाला, भारताचा कर्णधार झाला, आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. १९८० सालीं मॉस्कोच्या ऑलिंपिकांत भारताचा संघ खेळला. तेथें एकहि सामना त्याला जिंकतां आला नाहीं, आणि पुन्हां त्या दारापर्यंत आपण पोंचलों नाहीं. या खेळांत आपल्याला अद्याप पुष्कळ शिकावयाचें आहे.

परंतु एका बाबतींत आपल्याला शिकवणी लावण्याची गरज पडूं नये. कबड्डींत नांव होतें तें चढाई करणाऱ्याचें. तो एकटा शत्रूच्या अंगणांत शिरतो, हात लावून परततो, आणि लोक त्याच्या नांवानें ओरडतात. कोपऱ्यांत दबा धरून त्याचा घोटा पकडणाऱ्याचें नांव क्वचितच कोणी घेतो. १९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांच्या कबड्डीचीं सातहि सुवर्णपदकें भारतानें नेलीं. २०१८ सालीं जाकार्ता येथें इराणनें उपांत्य सामन्यांत आपल्याला २७ विरुद्ध १८ असें हरविलें. त्या सामन्यांत आपल्या नामांकित चढाईबहाद्दरांना इराणच्या पकडींनीं जखडून टाकलें. आपणच जगाला दाखविलेल्या खेळांत, पकडीचें मोल आपल्याला परक्यांनीं शिकवावें लागलें!

आतां एकोडीच्या त्या एका तासाकडे येऊं. एकच कडें असलें तरी अडत नाहीं. तीन-तीन गड्यांचा, अर्ध्या मैदानावर एकाच कड्याभोंवतीं खेळावयाचा प्रकार टोकियोच्या ऑलिंपिकांत २०२१ सालीं प्रथम समाविष्ट झाला आहे. त्यांत कमानीच्या आंतून एक गुण आणि बाहेरून दोन. दहा मिनिटें, किंवा जो आधीं २१ गुण करील त्याचा सामना. येथें दूरच्या वेधाची किंमत दीडपट नसून दुप्पट आहे, आणि शंभरांत तीस पडले तरी तो जवळच्या पन्नासांना मागें टाकतो. मग तास दूरच्या वेधाला द्यावा काय? ज्याचे शंभरांत तीस पडतात त्यानें खुशाल द्यावा. पण बारा-तेरा वर्षांच्या नवशिक्या मुलाचे पावणेसात मीटरांवरून शंभरांत दहा पडले तरी पुष्कळ. त्या दहांचे गुण वीस, आणि मैदानांत उसळणारे चेंडू नव्वद! जेथें नव्वद चेंडू उसळतात तेथें झेलणारा हाच खरा कमावता पुरुष. नेम जितका कच्चा तितकी उसळीची किंमत अधिक. नेम पिकत जाईल तसतसा तोल दूरच्या वेधाकडे झुकत जाईल. स्प्रिंगफील्डच्या पहिल्या सामन्यांत अठरा जणांनीं मिळून एकदांच टोपली गांठली होती. एका अर्थानें प्रत्येक मूल खेळाचा सबंध इतिहास पुन्हां आपल्या हातांनीं चालून जातें.

शिवाय झेलण्याची विद्या लौकर येते आणि तिला साधन थोडें लागतें. चेंडूकडे पाहत न राहतां आधीं जवळचा प्रतिपक्षी गांठावा, त्याच्याकडे पाठ करून, पाय फांकवून, त्याची वाट अडवावी, आणि मग उडी घ्यावी. डाव्या बाजूनें टाकलेला चेंडू चुकला तर तो बहुधा उजवीकडे पडतो, हें ध्यानांत ठेवावें. एवढें आठ दिवसांत शिकवितां येतें, आणि तें शिकलेलें मूल तितक्याच दिवसांत संघाला हवेंसें होतें. दूरचा वेध मात्र वर्षानुवर्षांची उपासना आहे. रोज तोच हात, तीच ढब, तेंच मनगट. ती उपासनाहि त्याच अंगणांत सुरू व्हावी, पण जवळून. अंतर हळूहळू वाढवीत जावें. म्हणून आमचें मत असें कीं, पहिल्या वर्षीं त्या तासाचा मोठा वांटा परतलेल्या चेंडूला द्यावा आणि धाकटा वांटा वेधाला. पुढें मुलांचे हात जसे सुधारतील तसे हे वांटे बदलावे.

आणि एक वही ठेवावी. तिच्यांत गुणांचा रकाना असावाच. पण त्याच्या शेजारीं झेललेल्या चेंडूंचाहि रकाना पहिल्या दिवसापासून असावा, आणि संध्याकाळीं दोन्ही रकाने मुलामुलींना मोठ्यानें वाचून दाखवावे. ज्या नोंदीसाठीं अमेरिकेला साठ वर्षें लागलीं ती एकोडीला दोन पैशांच्या पेन्सिलीनें पहिल्याच दिवशीं करतां येईल. दूरच्या वेधाला तीन गुण असावे कीं दोन, हें मोठमोठ्या सभा ठरवितात आणि पुन्हां बदलतात. मनुष्याचा नेम चुकतो, ही गोष्ट मात्र कोणत्याहि सभेला बदलतां आलेली नाहीं. आणि जोंवर ती तशी आहे तोंवर चुकलेलें सांवरून घेणाऱ्याला प्रत्येक संघांत आणि प्रत्येक घरांत जागा ठेवावी लागेल.